ढेकणांची नवी पिल्लं पडद्यातून रक्त पीत नाहीत, काय चुकतंय?

रातकिडा_२६ यांचा प्रश्न

कीटकनाशकांना दाद न देणाऱ्या ढेकणांवर काम करतेय आणि ४ महिन्यांपासून त्यांची वसाहत सांभाळतेय. इन्क्युबेटर २६ अंशांवर, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास. बरणीत घड्या घातलेला फिल्टर पेपर, तोंडाला नायलॉनची जाळी. आठवड्यातून एकदा फायब्रिन काढलेलं (म्हणजे न गोठणारं) सशाचं रक्त काचेच्या फीडरमधून, पॅराफिल्मच्या (मेणासारख्या, ताणता येणाऱ्या पातळ फिल्मच्या) पडद्याआडून देते. फीडरला नळीतून गरम पाणी पुरवणारा वॉटर बाथ ३७ वर.

मोठे ढेकूण दहा मिनिटांत टम्म होतात. अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं मात्र जाळीपर्यंत चढतात, सोंड टेकवतात आणि मागे फिरतात. मागच्या खेपेला ४० पैकी ६ प्यायली, बाकीची सुकून कोंड्यासारखी तळाशी पडली. मोठं होईपर्यंत ५ वेळा कात टाकायची आणि प्रत्येक वेळी आधी पोटभर रक्त हवं. माझं घोडं पहिल्याच पायरीवर अडलंय. शेवटी स्वतःच्या हातावर पोसावीत का, असाही विचार येतो.

जुनी_बरणी यांचं उत्तर

बाथवर ३७ दिसतंय म्हणून पडद्यावरही ३७ असेल असं धरू नका. नळीतून फीडरपर्यंत येताना पाणी थंड होतं. बारीक तारेचा तापमापक पडद्यालाच टेकवून बघा. मी मोजलं तेव्हा ३३ निघालं होतं आणि त्याआधीचे दोन महिने मी रक्तालाच दोष देत बसलो होतो. ढेकूण उबेच्या मागावर येतो. पडदा कोमट असला की भुकेलेला मोठा ढेकूण चालवून घेतो, पिल्लू नाही घेत.

पडदा किती ताणता? नवं पिल्लू जेमतेम दीड मिलिमीटरचं, त्याची सोंड ती केवढी! पॅराफिल्म आधी एका बाजूने, मग आडवा असा सावकाश ओढा. खाली छापील कागद धरला तर अक्षरं स्वच्छ वाचता आली पाहिजेत. त्यापुढे ओढलात तर रक्त पाझरतं आणि पिल्लं त्यात चिकटून मरतात, म्हणून आधी पाण्यावर हात बसवा.

आणि कागदाच्या घड्या जाळीला टेकतात का? पिल्लाला पाय रोवायला खरखरीत कागद लागतो. घडी बोटभर खाली राहिली की गुळगुळीत काचेवरून ती वर येऊच शकत नाहीत. जाळी आणि पडदा यांच्यातही फट नको.

सूक्ष्मदर्शी यांचं उत्तर

पिऊनही कात टाकत नसतील, तर रक्त देणाऱ्याला एकच विचारा: सशाला अँटिबायोटिक दिलं होतं का? ढेकणाच्या पोटात वोल्बाकिया नावाचे जिवाणू असतात. रक्तात कमी असणारी ब जीवनसत्त्वं तेच पुरवतात. जपानी संशोधकांनी २०१० साली हे जिवाणू काढून पाहिले, तर वाढ खुंटली आणि अंडी घटली. रक्तात जीवनसत्त्वं मिसळल्यावर गाडी पुन्हा रुळावर आली.

जुनी_बरणी यांचं उत्तर

हातावर पोसण्याचं राहिलं. अमेरिकी लष्करातले कीटकतज्ज्ञ हॅरॉल्ड हार्लन यांनी १९७३ मध्ये न्यू जर्सीच्या फोर्ट डिक्समधून ढेकूण उचलले आणि वर्षानुवर्षं स्वतःच्या अंगावर जगवले. आज तुलनेसाठी वापरतात तो, औषधाला लगेच बळी पडणारा वंश त्यातूनच आला. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही तुम्ही हे करू नका. मी केलंय. पहिल्या दोन खेपांना काहीच उठलं नाही, चौथ्या खेपेला मनगटापासून कोपरापर्यंत गाठी आल्या आणि आठवडाभर झोप नव्हती. शरीर प्रत्येक चाव्यागणिक जास्त चिडत जातं. शिवाय मानवी रक्तासाठी नीतिसमितीची परवानगी लागते ती वेगळीच.

रातकिडा_२६

मोजलं. पडद्यावर ३४ होतं. बाथ चढवला, पडदा अक्षरं दिसेपर्यंत ताणला, घड्या जाळीपर्यंत आणल्या. आज ४० पैकी ३१ प्यायली. पारदर्शक पिवळट पोटात लाल ठिपका उतरताना भिंगातून पाहिला, मग तो पसरून सगळं पिल्लूच लाल मण्यासारखं झालं. सशाच्या औषधांबद्दलही विचारलंय, उत्तर आलं की इथे लिहिते.