मदत हवी आहे: ऊस वाहतुकीच्या ट्रकचं ऑइल किलोमीटरवर बदलायचं की तासांवर?

गाडी दहा चाकी, सहा सिलिंडर ५.९ लिटर टर्बो इंजिन, बीएस-४. ऑइल १५डब्ल्यू-४० (घट्टपणाचा ग्रेड), सीआय-४ प्लस (डिझेल ऑइलचा दर्जा). बदल घरीच होतो. इंजिन गरम करून चेंबरचा (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा) बोल्ट काढायचा, तेल पूर्ण निथळू द्यायचं, तांब्याचा वॉशर दर वेळी नवीन. जुना वॉशर दबून कडक झालेला असतो. गळती थांबवायला बोल्ट जास्त आवळला की चेंबरचे आटेच जातात. फिल्टरच्या रबराला तेल लावून, तो हाताने बसवून पाऊण फेरा. सुरू केल्यावर प्रेशरचा दिवा विझेपर्यंत रेस द्यायची नाही, टर्बोच्या बेअरिंगला तेल पोचायला वेळ लागतो. इथवर अडचण नाही.

प्रश्न अंतराचा आहे. हंगामात गाडी कारखान्याच्या यार्डात रांगेत तासन् तास सुरू राहते, मीटर मात्र हलत नाही. आयडलिंगला इंजिन पुरेसं तापत नाही, काजळी आणि न जळलेलं डिझेल तेलात उतरतं, डिझेलमुळे तेल पातळ होतं. तेलाच्या गेजवर (डिपस्टिकवर) पातळी वाढलेली दिसली तर ते बहुधा डिझेल समजावं. त्यामुळे पुस्तकातले किलोमीटर इथे फसवे वाटतात.

इंजिन चालल्याच्या दर तासाला ४० किलोमीटर धरून हिशेब करणारे कोणी आहे का? आणि सांगली-कोल्हापूर भागात वापरलेल्या तेलाची टीबीएन (आम्ल मारायची तेलात उरलेली ताकद), काजळी आणि झिजेतून आलेल्या लोखंडाची तपासणी कुठे होते? तेल काळं झालं म्हणून बदला, एवढं उत्तर नको. डिझेल इंजिनात ते लगेच काळं होतं.