मदत हवी आहे: एमएनडीची प्रश्नावली भरताना अडलेय

बाबांना मोटर न्यूरॉन डिसीज (एमएनडी, स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार) होऊन दीड वर्ष झालं. परवा आई त्यांच्यासमोर घसरून पडली, तर 'माझी उशी सरकव' एवढंच म्हणाले. हे आमचे बाबा नव्हेत.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाची (स्वभाव आणि वागणं बदलणारा मेंदूचा आजार) शंका म्हणून डॉक्टरांनी एएलएस-एफटीडी-क्यू ही रुग्णाच्या वागण्याबद्दल घरच्यांनी भरायची २५ प्रश्नांची प्रश्नावली दिलीय. मी आणि आईने वेगवेगळी भरली, तर गुणांत बरीच तफावत. (आई सगळंच सांभाळून घेते.) नैराश्य तपासून झालंय, नाही म्हणाले. रात्रीचा श्वासही ठीक आहे.

अडतंय ते पुढाकाराच्या प्रश्नांवर. हात उचलत नाहीत, बोलणं अडखळतं. मग स्वतःहून काही करत नाहीत ते निरिच्छेने की अशक्तपणाने, हे घरच्यांनी कशावरून ओळखायचं? आणि डॉक्टरांना दोन्ही प्रती द्यायच्या, की एकत्र बसून एकच भरायची?