गेट पडलं आणि दिवस गेला: तुमचे अनुभव लिहा

टिळकवाडीकर
आज बेळगावात दुसऱ्या रेल्वे गेटला मालगाडी जात होती. डबे मोजता मोजता बाबा आठवले. उद्यमबागेत लेथवर होते. तिसऱ्या गेटला तेव्हा पूल नव्हता. गेट पडलं की सायकलवरून उतरून उभे, एक पाय पुढे. दहा मिनिटं उशीर म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार कट. महिन्यात दोनतीनदा तसं झालं की आई वाण्याची उधारी पुढं ढकलायची. कोंडीत तुमचं काय गेलं, लिहा.

कोबीवाला
गोव्याला भाजी नेताना चोर्ला घाट. ट्रक आडवा झालेला, चार तास जागेवर. म्हापशाला पोचलो तर बाजार उठत आलेला. कोथिंबिरीच्या ढिगात हात घातला तर आतून गरम, पानं पिवळी. भाडं, हमाली, डिझेल सगळं अंगावर.

अनगोळची वैनी
अरे देवा. मग कोथिंबिरीचं काय केलं?

कोबीवाला
गुरांना घातली वैनी.

रिक्षा १२
डिसेंबरात इथं विधानसभेचं अधिवेशन असलं की रस्ते वळवतात. भाडं आधी ठरलेलं, फेरा दुप्पट. चन्नम्मा सर्कलला नुसता गॅस जळतो. दिवसाच्या चार फेऱ्या कमी झाल्या की घरी काय द्यायचं?

सध्या बंगळूर
इथं सिल्क बोर्ड चौकात रोज कोंडी. वाहतूक मोजणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या २०२३ च्या आकड्यांत शहराच्या मध्यात १० किमीला सरासरी २८ मिनिटं १० सेकंद. माझे जाऊन येऊन तीन तास जातात, त्याचा पगार कोण देतंय? मुलगी झोपल्यावर घरी पोचतो. बेळगावात बाबा जेवायला दुपारी घरी यायचे हो.

अनगोळची वैनी
दादा, सुट्टीत या इकडं. कुंदा घेऊन ठेवते.

ऊसकरी
आमचं नुकसान कारखान्याच्या दारात. ट्रॅक्टरांची रांग दीड किलोमीटर, ऊस उन्हात. वाळला की वजन घटतं, पैसे तर वजनावर. ड्रायव्हरचा मुक्कामाचा भत्ता वेगळा.

रिक्षा १२
टिळकवाडीकर, बाबा बरे हैत की?

टिळकवाडीकर
बरे आहेत. ८१ झाले. गेटची घंटा ऐकली की अजून घड्याळ बघतात.

शहापूर
दुसरं गेट आत्ता पडलंय का? पोरगीला क्लासवरून आणायचंय.

टिळकवाडीकर
पडलंय. पुलावरून या.