मुंबई–लंडन अंतर ७,२०० किमी, मग विमानाला दहा तास कसे?

घोडबंदर_रोड:
आई-बाबा जानेवारीत थेट विमानाने लंडनला जाणार आहेत. अंतर ७,२०० किमी दिसतंय, म्हणजे ताशी ९०० च्या वेगाने आठ तास. तिकिटावर मात्र जाताना रात्री २:०० ते सकाळी ६:३०, येताना सकाळी ११:०० ते रात्री १:१५ असं आहे. विमानात नक्की किती तास जातील? बाबांच्या गोळ्यांच्या वेळा ठरवायच्या आहेत. आणि ठाण्याहून किती वाजता निघावं?

वाशीकर:
तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. जानेवारीत लंडन आपल्या साडेपाच तास मागे. तिथले ६:३० म्हणजे आपले दुपारचे १२, म्हणून जाताना दहा तास. येताना तिथले ११ म्हणजे आपले दुपारचे ४:३०, तिथून १:१५ पर्यंत पावणेनऊ तास. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तासांचा होतो.

बाबांचं घड्याळ विमानात भारतीय वेळेवरच राहू द्या आणि दोन गोळ्यांमधलं अंतर तासांत मोजा. इन्सुलिन असेल तर डोसच्या वेळा डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. औषधं आणि चिठ्ठी हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नको.

नकाशा_वाचक:
७,२०० हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. ती रेषा सिंध, बलुचिस्तान, कॅस्पियन समुद्र आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे, आणि एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांना पाकिस्तानचंही. मग आखातावरून, तुर्कस्तानवरून वळसा. तो सात टक्के धरला तर ७,७०० किमी होतात.

त्यात जेट स्ट्रीम, म्हणजे नऊ ते बारा किमी उंचीवरचा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा. हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो. जाताना तो समोरून येतो. सरासरी ताशी ५० किमीचा विरोध धरा: ७,७०० भागिले ८५०, नऊ तास. येताना तोच पाठीशी: भागिले ९५०, आठ तास. तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते, त्यामुळे धावपट्टीपर्यंत जाणं, रांग, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याआधी आकाशात मारलेल्या घिरट्या, सगळं त्यात आलं. म्हणून नियोजन नेहमी तिकिटावरच्या तासांवर करा, किलोमीटरवर नको.

माजिवडा_नाका:
आधी तारीख बघा. १४ तारखेची रात्री २ ची फ्लाइट म्हणजे १३ च्या रात्रीच घर सोडायचं. इथे पुष्कळ जण चुकतात. तिकिटावर बीओएम म्हणजे अंधेरी-सहार, एनएमआय म्हणजे नवी मुंबई, तेही तपासा.

चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी, काही कंपन्यांचा त्याहूनही आधी बंद होतो. सहारच्या टी-२ वर (टर्मिनल २) रात्री १०:३० ला पोचायचं ठरवा आणि घोडबंदरहून ८:३० ला निघा. त्या वेळी जेव्हीएलआर (जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोड) तुंबलेला असतो, दोन तास हवेतच. सामान कमी असेल तर ठाणे–घाटकोपर लोकल, मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथून मेट्रो ३ ने पुढचंच स्टेशन टी-२. पण दोन मोठ्या बॅगा आणि वयस्क माणसं असतील तर गाडीच बरी. व्हीलचेअर हवी असेल तर कंपनीला किमान ४८ तास आधी कळवा, फुकट मिळते.