फ्लेअर नट आणि पाईपची तयारी
वर कुणीतरी लिहिलंय की एसीचा तांब्याचा पाईप युनिटला जोडणारा फ्लेअर नट जितका आवळाल तितकं लीकेज कमी. हे काय पटत नाही बुवा. तांबं मऊ असतं, जास्त आवळलं की फ्लेअर (पाईपचं पसरवलेलं तोंड) पातळ होतो नि पुढे तिथेच चीर जाते. पाव इंची पाईपला १४ ते १८ न्यूटन मीटर पुरतात, आणि दोन पाने (स्पॅनर) लावायचे, एकाने युनिटकडची बाजू धरून ठेवायची नाहीतर पाईपच पिळला जातो.

पण खरी गडबड त्याच्या आधी होते, पाईप कटरने कापला की आतल्या कडेला बर (तांब्याची धारदार कोर) राहते, ती रीमरने काढताना पाईपचं तोंड खाली धरायचं म्हणजे कीस आत न जाता जमिनीवर पडतो. आमच्याकडे आलेला पोरगा तोंड वर करून घासत होता, थांबवलं तर म्हणे, "काका, गॅस सोडला की उडून जाईल सगळं." आता एसीतला आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो, तो असा खोलीत सोडायचा? पाईपमधली हवा काढायला व्हॅक्यूम पंपच लावायला सांगा. आणि प्रेशर टेस्ट नायट्रोजननेच, ऑक्सिजनने कधीच नाही, कॉम्प्रेसरच्या तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो.