गुलाबी कपवाले क्रीमी नूडल्स, माझं काय चुकलं?

भुकेला_मुलुंडकर:
सोलला येऊन तीन आठवडे झालेत. काल लॅबमधून निघायला उशीर झाला, मेस बंद, म्हणून कोपऱ्यावरच्या कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये शिरलो आणि बुलदाक ह्या तिखट कोरियन नूडल्सचा तो गुलाबी कार्बोनारावाला कप उचलला. म्हटलं क्रीमी आहे म्हणजे मवाळच असणार, आणि आपण ठेचा-भाकरी खाणारी माणसं, आपल्याला काय होतंय! सॉस, पावडर सगळं एकदम आत ओतलं, रेषेपर्यंत गरम पाणी भरलं, झाकण लावून बसलो. तर नुसता पाणचट गुलाबी रस्सा झाला. पहिला घास गोडसर लागला म्हणून दुसरा घेतला तोवर कानातून वाफा!! वर कोल्डड्रिंक प्यायलो तर अजूनच पेटलं. बाजूला शाळकरी पोरं तेच शांतपणे ओढत होती. चुकलं काय नक्की?

तिरफळ:
अरे देवा, सॉस आधीच ओतलास? 😂 ही मॅगी नाही रे. आधी नुसतं गरम पाणी, नूडल्स मऊ झाले की पाणी काढून टाकायचं, तळाला दोन-चार चमचे ठेवायचं, मग सॉस आणि शेवटी पावडर. क्रीम क्रीम म्हणतात ती म्हणजे तीच दूध-चीजची पावडर, कपभर पाण्यात ती कुठे दिसणार? आणि ते पाणी कचऱ्याच्या डब्यात ओतू नकोस, उरलेला रस्सा टाकायला बऱ्याच दुकानांत वेगळा डबा असतो. पहिल्यांदा सॉस अर्धाच घाल, गरम असतानाच एक स्ट्रिंग चीज तोडून टाक. मी तर त्रिकोणी किंबाप (समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला भात) घेते सोबत, भाताने जिवाला बरं वाटतं.

वरणभाततूप:
कोल्डड्रिंकने कसं जाणार, तिखटातलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, फॅटमध्ये विरघळतं, शिवाय गॅस वरून टोचतो तो वेगळाच. दूध घे. केळ्याचं दूध मिळतं ना तिथे, ते पिवळं गोलमटोल बाटलीतलं, तेही चालेल. ठेच्याशी तुलना नको करू, ठेचा आपण भाकरीच्या तुकड्याला लावू तेवढाच तोंडात जातो, इथे प्रत्येक नूडलला सॉस चिकटलेला. नावच बघ, बुल म्हणजे आग, दाक म्हणजे कोंबडी. २०२४ च्या जूनमध्ये डेन्मार्कने ह्यांचे तीन प्रकार तिखटामुळे बाजारातून मागे घ्यायला लावले होते, पुढच्या महिन्यात त्यातले दोन परत आले. तुझा कार्बोनारा त्यात नव्हता हां, तो घरातला सौम्य मुलगा 😄

साबुदाणा_वडा:
नावात कोंबडी आहे म्हणजे शाकाहारींनी काय करायचं? माझी बहीण जातेय ऑगस्टमध्ये.

तिरफळ:
@साबुदाणा_वडा, चित्र बघून ठरवू नका. घटकांच्या यादीजवळ अ‍ॅलर्जीवाली ओळ असते, तिच्यात दूध, गहू, सोया तसंच कोंबडी, डुक्कर, गाय हेही लिहावं लागतं तिथे. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करायचं. कोंबडी म्हणजे दाक्कोगी, हा एक शब्द तरी तिला पाठ करून जाऊ दे. पण त्या ओळीत मांस नाही म्हणजे शाकाहारी असंही नाही, मासळीचा अर्क सुटू शकतो.

भुकेला_मुलुंडकर:
आज परत केलं, पाणी काढून, अर्धा सॉस. मस्त दाटसर झालं राव!! उचकी लागलीच, पण कप पुसून खाल्ला. उरलेला अर्धा सॉस खिशात घालून आणलाय, उद्या अंड्याच्या पोळीवर टाकू का?