मदत हवी आहे: गुहागरच्या मुक्कामाला सांगलीहून काय काय न्यावं?

दिवाळीच्या सुट्टीत सासू-सासरे, जाऊबाई, मुलं असे आम्ही सगळे गुहागरला समुद्राकाठी घर भाड्याने घेऊन राहणार आहोत. कऱ्हाड-पाटणवरून कुंभार्ली घाटाने जाऊ. घरात स्वयंपाकघर आहे, त्यामुळे हॉटेलचा खर्च टाळायचाच. तांदूळ, डाळ, भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी इथूनच नेणार. मासळी मात्र तिथलीच, ताजी. वाटेत खायला दशम्या.

खरी काळजी भडंगाची. त्या दमट हवेत सादळणार, आणि मुलांना तर संध्याकाळी तेच लागतं. घट्ट झाकणाचा डबा पुरेल का, की चुरमुरे नेऊन तिथेच भाजून फोडणी द्यावी? कुकर, चादरी घरमालक देतात का? गाडीत जागा अगदी कमी आहे. अनुभवी ताई-दादांनो, कृपया सांगा.